परदेशातलं काँक्रीट संशोधन आपल्या लॅबमध्ये कसं आणायचं? एलसी३ची गोष्ट



पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून मला एक प्रश्न नेहमी येतो. "परदेशातल्या एखाद्या गटाने चांगलं काम केलंय. तेच मी आपल्याकडच्या मटेरियलवर केलं तर ते संशोधन होईल का?" माझं उत्तर आहे: होईल, पण पेपरमधलं नेमकं काय उचलायचं आणि काय उचलायचं नाही हे कळलं तरच. मला ते कळायला जवळजवळ एक वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हा लेख.

उदाहरण म्हणून एलसी३ घेऊया, म्हणजे लाइमस्टोन कॅल्साइन्ड क्ले सिमेंट. मराठीत सांगायचं तर चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती घातलेलं सिमेंट. काँक्रीटमधलं ज्ञान एका देशातून दुसऱ्या देशात कसं जातं आणि जाताना कुठे अडतं, हे समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी माझी फजिती

पहिल्या वर्षी मी एक युरोपियन पेपर वाचला आणि भारावून गेलो. निम्मं क्लिंकर काढून टाकलं तरी २८ दिवसांची ताकद साध्या पोर्टलँड सिमेंटच्या बरोबरीची! मी लगेच कामाला लागलो. पठारावरच्या एका शेतातून माती आणली, मफल फर्नेसमध्ये ८०० अंश सेल्सिअसला भाजली, पेपरमधल्याच प्रमाणात मिसळली आणि क्यूब टाकले. २८ दिवसांनी आलेली ताकद बघून वाटलं की मशीनच बिघडलंय. पुन्हा टाकले, तेच. तिसऱ्यांदा टाकले, तरी तेच.

शेवटी गाईडसमोर वही ठेवली. त्यांनी एकच विचारलं, "माती कुठली आहे?" मी गावाचं नाव सांगितलं. "गाव नाही विचारलं. खनिज कुठलं आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक्सआरडी केलं तेव्हा कळलं की त्या मातीत ज्या खनिजावर सगळा खेळ अवलंबून आहे ते नावापुरतंच होतं. सहा महिने मी चुकीची माती भाजत होतो. आणि चूक तेवढीच नव्हती. दुसरी चूक पुढे येईल.

दोन मिनिटांत रसायनशास्त्र

सिमेंट बनवताना चुनखडी आणि माती साधारण १४५० अंशांपर्यंत तापवतात आणि क्लिंकर तयार होतो. यात कार्बन डायऑक्साइड दोन ठिकाणी निघतो. एक, इंधनातून. दोन, खुद्द चुनखडीतून. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १०० किलो घेतलं तर त्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड जातो आणि ५६ किलो चुना उरतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो निघणारच. म्हणून क्लिंकर कमी वापरणं हा सगळ्यात सरळ उपाय.

क्लिंकरच्या जागी फ्लाय ॲश किंवा स्लॅग घालणं आपल्याला नवीन नाही. पण स्लॅग पोलाद कारखान्यातून येतो आणि फ्लाय ॲश कोळशाच्या वीजकेंद्रातून. या दोन्ही गोष्टी ज्या देशात नाहीत त्याने काय करायचं? आणि जिथे कोळसा हळूहळू बंद होतोय तिथे?

इथे चिकणमाती येते. केओलिनाइट हे खनिज असलेली माती ७०० ते ८५० अंशांना भाजली की तिच्या रचनेतलं पाणी निघून जातं आणि मेटाकेओलिन तयार होतं. त्याची रचना विस्कटलेली असल्यामुळे ते चटकन अभिक्रिया करतं. सिमेंटच्या अभिक्रियेत तयार झालेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि आणखी बंधक पदार्थ तयार होतो. एवढं आधीपासून माहीत होतं.

नवीन भाग चुनखडीचा. मेटाकेओलिनमधलं ॲल्युमिना आणि न भाजलेल्या चुनखडीतलं कार्बोनेट मिळून कार्बोॲल्युमिनेट नावाची संयुगं तयार होतात आणि ती छिद्रं भरतात. म्हणजे एरवी नुसती भर म्हणून घातली जाणारी चुनखडी इथे स्वतः अभिक्रियेत उतरते. म्हणून दोन्ही एकत्र घातल्यावर क्लिंकर बराच जास्त कमी करता येतो. सगळ्यात प्रचलित मिश्रणात क्लिंकर ५०, भाजलेली माती ३०, चुनखडी १५ आणि जिप्सम ५ टक्के असतं.

लोझान, सांता क्लारा, दिल्ली

आता हे ज्ञान फिरलं कसं ते बघा.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएलमध्ये प्रा. कॅरेन स्क्रिव्हनर यांचा गट आणि क्युबातल्या सांता क्लारा इथल्या विद्यापीठातले प्रा. फर्नांडो मार्टिरेना यांचा गट एकत्र काम करत होते. क्युबाला घरं बांधायची होती, सिमेंट कमी पडत होतं आणि माती भरपूर होती. लोझानकडे सूक्ष्मरचना तपासायची उपकरणं आणि अनुभव होता. २०१२ मध्ये या सहकार्यातून एक पेपर आला. ३० टक्के मेटाकेओलिन आणि १५ टक्के चुनखडी, म्हणजे एकूण ४५ टक्के सिमेंट बदलूनही ७ आणि २८ दिवसांची ताकद शुद्ध पोर्टलँड सिमेंटपेक्षा चांगली आली, असं त्यात दाखवलं होतं. या पेपरचे पहिले लेखक मॅथ्यू अँटोनी तेव्हा पीएचडी करत होते. आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

२०१३ मध्ये क्युबातल्या सिगुआनेय सिमेंट कारखान्यात औद्योगिक पातळीवर उत्पादन करून बघितलं गेलं. भारतात आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास आणि टारा ही संस्था कामात उतरल्या. निधी स्विस सरकारच्या विकास-सहकार्य संस्थेचा होता. आयआयटी दिल्लीचे प्रा. शशांक बिश्नोई यांनी स्वतः ईपीएफएलमध्ये पीएचडी केली होती. म्हणजे ज्ञान पेपरमधून आलंच, पण माणसाबरोबरही आलं. २०१४ मध्ये भारतातल्या प्रायोगिक उत्पादनाचा अनुभव 'इंडियन काँक्रीट जर्नल'मध्ये छापून आला. २०१८ मध्ये आयआयटी मद्रासच्या गटाने एलसी३ काँक्रीटच्या टिकाऊपणावर सविस्तर काम प्रसिद्ध केलं. भाजलेल्या मातीवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची ठिकाणं बघा: २०१५ लोझान, २०१७ हवाना, २०१९ नवी दिल्ली. आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने या सिमेंटसाठी स्वतंत्र मानक काढलं, आयएस १८१८९.

२०१२ चा पेपर आणि २०२३ चं मानक. मध्ये अकरा वर्षं. मला आधी वाटायचं की एवढा वेळ सरकारी दिरंगाईमुळे लागतो. आता वाटतं, यातली बरीच वर्षं एका साध्या प्रश्नाला उत्तर देण्यात गेली: तिकडे आलेला आकडा इकडे येईल का?

एकच भाजणी, दहा स्वयंपाकघरं

हा प्रश्न सोडवायची पद्धत म्हणजे राउंड रॉबिन चाचणी.

समजा, चकलीची एकच भाजणी दहा घरांत वाटली आणि कृती कागदावर लिहून दिली. एका घरातल्या आजींनी तीन दिवस तीन घाणे केले आणि तिन्ही सारखे झाले, तर त्याला म्हणायचं रिपीटॅबिलिटी. दहाही घरांतल्या चकल्या सारख्या झाल्या, तर रिप्रोड्युसिबिलिटी. पहिली गोष्ट बऱ्याच जणांना जमते. दुसरी जमली नाही तर दोष आजींचा नसतो, कृती अपुरी लिहिलेली असते. "मोहन बेताचं" म्हणजे नक्की किती, हे लिहिलेलंच नसतं.

काँक्रीटमध्ये असं काम अनेक वर्षं करणारी संघटना म्हणजे रिलेम. १९४७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली. तिच्या तांत्रिक समित्यांमध्ये वेगवेगळ्या देशांतल्या लॅब एकच नमुना वाटून घेतात, त्याच पद्धतीने तपासतात आणि आकडे समोरासमोर ठेवतात.

सिमेंटमध्ये घालायच्या पूरक पदार्थांची अभिक्रियाशीलता कशी मोजायची यावर रिलेमची एक समिती होती, २६७-टीआरएम. तिने १० चाचण्या आणि ११ पदार्थ घेतले. स्लॅग, फ्लाय ॲश, नैसर्गिक पोझोलाना, भाजलेली माती, सगळे त्यात होते. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. २८ दिवसांच्या ताकदीशी सगळ्या पदार्थांसाठी नीट जुळणाऱ्या चाचण्या मोजक्याच निघाल्या. सगळ्यात चांगली ठरली ती आर३ नावाची पद्धत, जी २०१६ मध्ये भाजलेल्या मातीसाठीच मांडली गेली होती.

आर३ची कल्पना सुंदर आहे. त्यात सिमेंट घेतच नाहीत! १० ग्रॅम तपासायचा पदार्थ, ३० ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड व पोटॅशियम सल्फेटचं ५४ ग्रॅम द्रावण. ४० अंशांना ठेवायचं आणि सात दिवसांत किती उष्णता बाहेर पडते ते कॅलरीमीटरवर मोजायचं. कॅलरीमीटर नसेल तर किती पाणी बांधलं गेलं ते मोजायचं. त्यासाठी ओव्हन, ३५० अंशांपर्यंत जाणारी भट्टी आणि चांगला तराजू पुरतो.

सिमेंट का काढलं? कारण प्रत्येक देशाचं, अगदी प्रत्येक कारखान्याचं सिमेंट वेगळं. ते मिश्रणात ठेवलं तर फरक मातीमुळे आला की सिमेंटमुळे, हे कळत नाही. ते काढून सगळीकडे मिळणारी शुद्ध रसायनं घातली की लॅब-लॅबमधल्या फरकाचं मोठं कारणच गेलं. २०२० मध्ये या पद्धतीचं अमेरिकन एएसटीएम मानक झालं, सी१८९७.

त्याच राउंड रॉबिनमध्ये आपली जुनी आयएस १७२७ सुद्धा होती, चुना-अभिक्रियाशीलता चाचणी. चुना, पोझोलाना आणि वाळूचे ५० मिलिमीटरचे क्यूब करून त्यांची दहा दिवसांनी ताकद बघतात. १९६७चं हे मानक जुनाट म्हणून मी वाचायचंही टाळलं होतं. ९० दिवसांच्या ताकदीशी तिचे आकडे चांगले जुळले! म्हणजे देवाणघेवाण एकाच दिशेने होत नाही. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीचं मोलही कधीकधी दहा देशांच्या टेबलावर ठेवल्यावरच कळतं.

आकड्यामागची पद्धत वाचा

आता माझी दुसरी चूक. पेपरमधला मेगापास्कलचा आकडा आणि माझा आकडा मी थेट शेजारी लिहिले होते. ते शेजारी लिहिण्यासारखे नव्हतेच.

युरोपियन पद्धतीत मॉर्टरमध्ये एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ठरलेलं, ०.५०. नमुने ४० × ४० × १६० मिलिमीटरचे, तापमान २० अंश. भारतीय पद्धतीतही १:३, पण नमुने ७०.६ मिलिमीटरचे क्यूब, तापमान २७ अंश, वाळू आपली प्रमाणित एन्नोरची. आणि पाणी ठरलेलं नाही. ते सिमेंटच्या प्रमाणित कन्सिस्टन्सीवरून काढतात: कन्सिस्टन्सीचा चौथा भाग अधिक ३, एकूण कोरड्या वजनाच्या टक्केवारीत.

गणित करून बघू. सिमेंट २०० ग्रॅम, वाळू ६०० ग्रॅम, एकूण ८००. कन्सिस्टन्सी २८ टक्के असेल तर पाणी ७ + ३ = १० टक्के, म्हणजे ८० ग्रॅम. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४०. युरोपियन मॉर्टरपेक्षा बरंच कमी.

भाजलेली माती बारीक असते आणि पाणी जास्त मागते, म्हणून मिश्रणाची कन्सिस्टन्सी वाढते. समजा ती ३६ झाली. मग पाणी ९ + ३ = १२ टक्के, ९६ ग्रॅम, गुणोत्तर ०.४८. म्हणजे भारतीय पद्धतीत साधं सिमेंट ०.४० वर तपासलं जातं आणि तुमचं मिश्रण ०.४८ वर. युरोपियन पद्धतीत दोन्ही ०.५० वर. एकच पदार्थ, पण एका पद्धतीत तो बरोबरीचा दिसेल आणि दुसरीत मागे पडलेला. यात कुठलीच पद्धत खोटी नाही. त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत.

काँक्रीटचंही तसंच. आपण १५० मिलिमीटरचा क्यूब फोडतो, अमेरिकेत सिलिंडर फोडतात. सिलिंडरची ताकद क्यूबच्या साधारण ०.८ पट येते. युरोपियन संकेतात सी२५/३० असं लिहितात ते याचसाठी: पहिला आकडा सिलिंडरचा, दुसरा क्यूबचा. आपल्या एम३०च्या शेजारी तोच ठेवायचा. अमेरिकन पेपरमधला ३० मेगापास्कल म्हणजे एम३० नव्हे.

आपल्या मातीचं काय?

दख्खनच्या पठारावरची काळी माती प्रामुख्याने स्मेक्टाइट गटातल्या खनिजांची असते. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, ते त्यामुळेच. कपाशीला उत्तम, पण भाजल्यावर केओलिनाइटइतकी अभिक्रियाशील होत नाही. माझ्या फर्नेसमध्ये सहा महिने हीच माती होती. सिंधुदुर्गात मात्र चिनी मातीचे साठे आहेत आणि कोकणातल्या जांभ्याच्या थरांमध्येही केओलिनाइट सापडतं. एकाच राज्यात, घाटाच्या वर आणि खाली, एकाच पेपरचं उत्तर वेगळं येतं!

दिलासा असा की शुद्ध, महागडी चिनी माती लागत नाही. मातीत साधारण ४० टक्के केओलिनाइट असलं तरी ५० टक्के क्लिंकरच्या मिश्रणात ताकद साध्या सिमेंटच्या जवळ जाते. चिनी मातीच्या उद्योगात रंग किंवा दर्जामुळे नाकारलेली माती इथे चालू शकते.

ते ४० टक्के कसे ओळखायचे? भाजताना शुद्ध केओलिनाइटचं वजन साधारण १४ टक्के घटतं. टीजीएमध्ये ४०० ते ६०० अंशांमधली घट बघा. ती समजा ७ टक्के आली, तर ७ भागिले १४, म्हणजे अंदाजे ५० टक्के केओलिनाइट. या पट्ट्यात दुसऱ्या खनिजांचंही पाणी जाऊ शकतं, म्हणून एक्सआरडीची जोड हवीच. पण माझे सहा महिने वाचवायला ही एका दिवसाची चाचणी पुरेशी होती.

योग्य माती मिळाली तरी पेपरमधलं जिप्समचं प्रमाण तसंच उचलू नका. भाजलेली माती घातल्यावर ॲल्युमिनेटची अभिक्रिया लवकर होते, म्हणून सल्फेट तुमच्या क्लिंकर आणि मातीनुसार कॅलरीमीटरवर जुळवावं लागतं. सुपरप्लास्टिसायझरही साधारणपणे जास्त लागतो.

आणि फक्त कौतुकाचे पेपर वाचू नका. एलसी३ क्लोराइडला चांगलं अडवतं, त्यामुळे मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत त्याचा फायदा दिसतो. पण कार्बोनेशनच्या बाबतीत ते साध्या सिमेंटपेक्षा कमकुवत ठरतं, कारण कार्बन डायऑक्साइड थोपवणारं कॅल्शियम हायड्रॉक्साइड त्यात कमी उरतं. म्हणून क्युअरिंग आणि सळईवरचं कव्हर यांत हयगय चालत नाही. आपल्या साइटवरचं क्युअरिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको. या एका मुद्द्यावर अख्खी पीएचडी होऊ शकते.

तुम्ही काय करायचं?

१. पेपर वाचताना निष्कर्षाआधी मटेरियल आणि पद्धतीचा भाग वाचा. मानक क्रमांक, तापमान, नमुन्याचा आकार, पाण्याचं प्रमाण यांचा एक तक्ता करा आणि शेजारी तुमच्या लॅबमधल्या गोष्टी लिहा. फरक जिथे आहे तिथे खूण करा. बऱ्याचदा तुमचा संशोधनप्रश्न त्या खुणेतच सापडतो.

२. नवीन पदार्थ मिसळण्याआधी तो नक्की काय आहे ते तपासा. एक्सआरडी, एक्सआरएफ, टीजीए. तुमच्या कॉलेजात नसेल तर जवळच्या संस्थेत पैसे भरून करून घ्या. फुकट गेलेल्या सहा महिन्यांपेक्षा ते स्वस्तच पडतं.

३. पेपरच्या लेखकांना मेल पाठवा. "तुमचं काम आवडलं" एवढंच लिहू नका. "तुमच्या मातीची केओलिनाइट टक्केवारी टीजीएवरून काढली की एक्सआरडीवरून?" असं नेमकं विचारा. नेमक्या प्रश्नाला उत्तर देणं समोरच्यालाही सोपं जातं.

४. फुकट मिळणारं साहित्य आधी वाचा. 'रिलेम टेक्निकल लेटर्स' हे नियतकालिक सगळ्यांना खुलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासाठी स्क्रिव्हनर, जॉन आणि गार्टनर यांनी लिहिलेला कमी कार्बनच्या सिमेंटवरचा अहवालही मोफत वाचता येतो. विषयात शिरायला तो उत्तम.

५. तुमचा फसलेला प्रयोग नीट नोंदवून ठेवा. काळ्या मातीचे माझे ते आकडे मी खोडणार होतो. आता तेच प्रबंधातलं तुलनेचं प्रकरण झालं आहे, कारण पठारावर सिमेंट बनवायचं तर हा प्रश्न आज ना उद्या कोणाला तरी पडणारच.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येतो. "तेच आपल्या मटेरियलवर केलं तर संशोधन होईल का?" नुसतं प्रमाण उचललं तर ती नक्कल, आणि बहुतेक वेळा फसलेली नक्कल. पण तिथे जे घडलं ते का घडलं हे समजून घेऊन इथे काय बदलेल हे आधी मांडलं आणि मग तपासलं, तर ते संशोधन. क्युबाने लोझानची नक्कल केली नाही आणि दिल्लीने क्युबाची.

पुढच्या लेखात आर३ चाचणी कॅलरीमीटरशिवाय, साध्या ओव्हन आणि भट्टीवर कशी करायची ते टप्प्याटप्प्याने दाखवेन. तोवर तुम्ही ज्या पदार्थावर काम करायचा विचार करताय त्याबद्दल एकच गोष्ट शोधून ठेवा. गाव नाही, खनिज!